नासाडीचे खाते



आपल्या प्रत्येकाच्या दुकानात रोजमेळ असतो, खतावणी असते आणि उधारीची वही तर असतेच असते. माल किती आला, किती विकला गेला, कोणाकडे किती येणे आहे, हे आपण रात्री दुकान वाढवण्यापूर्वी लिहून ठेवतो. पण आज वाया काय गेले, याचे खाते मी तरी कोणाच्या दुकानात पाहिलेले नाही. माझ्या स्वतःच्या दुकानातही तीस वर्षे ते नव्हते. ते कसे सुरू झाले आणि त्यातून काय निघाले, हे आज सांगायचे आहे. त्यात उपदेश कमी आहे, हिशेब जास्त आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिन्यातल्या एका सकाळी दुकानासमोरचे गटार तुंबले आणि पाणी ओट्यावरून आत शिरले. खालच्या फळीवरचे अस्तराचे आणि पॉपलिनचे तागे भिजले. सुमारे अकरा हजारांचा माल गेला. मी ओट्यावर उभा राहून जो समोर येईल त्याला सुनावत होतो. तेवढ्यात सफाई कामगार आला, त्याने लोखंडी आकड्याने गटारातून एक गोळा ओढून काढला आणि काही न बोलता माझ्या ओट्यासमोर टाकला. त्यात ताग्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, सुतळी होती आणि कापडाच्या चिंध्या होत्या. त्या चिंध्यांमध्ये हिरव्या पॉपलिनच्या पट्ट्या मी लगेच ओळखल्या. तो माल त्या आठवड्यात बाजारात फक्त माझ्याकडे होता.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. महिनाभर दुकानातून आणि घरातून जे जे फेकले जाईल ते मोजायचे किंवा तोलायचे, आणि शक्य तिथे त्याची किंमत समोर लिहायची.

कल्याणला या गोष्टीची किंमत मोजावी लागली आहे

नासाडी ही प्रत्येकाची खासगी बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराचा अनुभव आठवावा. कल्याण हे कापडाच्या व्यापाराचे जुने गाव आहे. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या प्रवाशाने या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे. अशा या शहराचा कचरा अनेक दशके आधारवाडीला, खाडीच्या बाजूला, ढीग करून टाकला जात होता. उन्हाळा आला की तो ढीग पेटायचा आणि दूरच्या वस्त्यांपर्यंत धूर यायचा. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांचे त्यात किती हाल झाले, हे त्या भागात राहणाऱ्यांना विचारावे.

एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, कचऱ्याची योग्य विल्हेवाट लागत नाही तोवर कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये. ती बंदी पुढे उठली. पण त्या काळात नवी कामे थांबल्यावर मिस्त्री, फरशीवाला, सुतार, रंगारी आणि प्लंबर यांच्या हाताला काम कमी मिळाले आणि त्यांच्याकडे माल विकणाऱ्यांची उधारी वाढली. कचरा सर्वांनी केला होता, पण रोजी बुडाली ती कारागिराची. २०२० मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू करून ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची सक्ती केली आणि २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणे बंद झाले. ढीग बंद झाला म्हणून कचरा बंद झाला असे मात्र नाही. तो आता उंबर्डे, बारावे अशा ठिकाणच्या प्रकल्पांत जातो आणि तिथे त्याचे काही करायचे असेल तर तो आपल्या दारातूनच वेगळा होऊन जावा लागतो.

दुसरे उदाहरण वालधुनी नदीचे. अंबरनाथच्या डोंगरातून निघून उल्हासनगरवरून कल्याणच्या खाडीकडे येणारी ही नदी कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने काळी झाली. उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणीही तिच्यात सुटत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा दावा वनशक्ती या संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात नेला आणि २०१५ मध्ये त्याचा निकाल लागला. पुढे जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर टाळे लागले तेव्हा त्यात काम करणाऱ्या मजुरांचे काय झाले, हे आपल्या धंद्यातल्या माणसांना ठाऊक आहे. वाईट पद्धतीने चाललेला धंदा शेवटी बंद पडतो आणि त्याचा पहिला फटका मजुराला बसतो.

काउंटरवरची नासाडी

आता माझ्या वहीकडे येतो. पहिली नोंद माझ्याच जिभेची निघाली.

मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचे कापड १.६० मीटर पुरते. पॅन्टला सव्वा मीटर पुरते. पन्हा ३६ इंच असेल तर शर्टाला सव्वादोन मीटर किंवा त्याहून थोडे अधिक लागते. हे आम्हा सर्व कापडवाल्यांना पाठ आहे. तरीही गिऱ्हाईक ५८ पन्ह्याच्या कापडापुढे उभे राहिले की तोंडातून निघते, "दोन मीटर घेऊन टाका, कमी पडायला नको." पॅन्टला दीड मीटर. म्हणजे एका जोडीमागे शर्टाचे चाळीस आणि पॅन्टचे पंचवीस, असे पासष्ट सेंटिमीटर कापड जादा जाते.

दिवसाला अशी दहा गिऱ्हाइके आणि महिन्याला २६ दिवस धरले तर १६९ मीटर होतात. त्यात शंभराहून अधिक शर्ट शिवून झाले असते. सुती शर्टाच्या कापडामागे कपाशीपासून रंगाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक अंदाज सांगितला जातो. काही शिंपी उरलेल्या तुकड्याचा खिशाला किंवा आतल्या पट्टीला उपयोग करतात, हे खरे. पण बहुतेक तुकडे सहा महिने कोपऱ्यात पडून शेवटी कचऱ्यात जातात. पैसे गिऱ्हाइकाचे गेले, पाणी कुठल्यातरी शेतकऱ्याच्या विहिरीचे गेले आणि तुकडा आमच्या गटारात आला.

मी मापाने विकायला सुरुवात केली. शिंप्याचे माप विचारायचे, पन्हा सांगायचा आणि लागेल तेवढेच फाडायचे. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून त्याला थोडी जास्त लांबी द्यायची किंवा शिवण्यापूर्वी भिजवून घ्यायला सांगायचे. पहिले तीन महिने गल्ला खरोखर कमी झाला. माझा मुलगा म्हणाला, "अब्बा, आपण कापड विकायला बसलोय की वाचवायला?" मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. गल्ला पूर्वीइतका व्हायला वर्ष लागले. पण ज्या शिंप्यांना वाटले की इथे माप खरे सांगितले जाते, ते आता स्वतःहून गिऱ्हाईक पाठवतात. हा फायदा सर्वांना होईलच असे वचन मी देत नाही. एवढेच सांगतो की माझे नुकसान टिकले नाही.

कातरण: तीन पोत्यांचा नियम

दुकानाच्या मागे दोन शिंपी बसतात. त्यांची आणि दुकानाची मिळून त्या महिन्यात ४५ किलो कातरण निघाली. ही सगळी एका पोत्यात भरून घंटागाडीत जात असे. शिवणकामात कापडाचा दहा ते पंधरा टक्के भाग कातरणीत जातो, हे तयार कपड्यांच्या धंद्यातले नेहमीचे प्रमाण आहे. म्हणजे शंभर मीटर घेतले तर दहा-पंधरा मीटरचे पैसे देऊन आपण चिंध्या विकत घेतो.

भंगारवाल्याशी बोललो तेव्हा त्याने सोपी गोष्ट सांगितली. मिसळलेल्या पोत्याला तो जवळजवळ भाव देत नाही, कारण ते निवडायला माणूस लागतो. पण शुद्ध सुती कातरण वेगळी असेल तर तिला चांगला भाव आहे, आणि पांढरी असेल तर अधिक. कारण सुती चिंधी तेल आणि पाणी शोषते, म्हणून गॅरेज, छापखाने आणि यंत्रशाळा ती पुसणीसाठी घेतात. पॉलिस्टर पाणी फारसे शोषत नाही, ते नुसते पसरवते. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करण्यासाठी ओळखली जाते. हरियाणातील पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचे सूत काढून घोंगड्या विणण्याचा मोठा धंदा उभा आहे. म्हणजे चिंधीला बाजार आहे, मात्र ती वेगवेगळी केली तर.

तेव्हापासून आमच्याकडे तीन पोती आहेत. एक सुती, दुसरे मिश्र व पॉलिस्टर, आणि तिसरे वीतभरापेक्षा मोठ्या तुकड्यांचे. तिसऱ्या पोत्यातला माल गोधडी शिवणाऱ्या बायका नेतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. कातरण पेटवू नये. पॉलिस्टर म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच आहे, आणि त्याचा धूर आपल्याच मोहल्ल्यातल्या माणसांच्या छातीत जातो. हिवाळ्यात शेकोटीत चिंध्या टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

भिवंडीचे मागवाले बंधू हे वाचत असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. बॉबिनवर उरलेले सूत, भीमच्या शेवटी राहिलेला ताणा, रेपियर मागावर कडेने कापून निघणारी खोटी किनार, हे सर्व एकाच ढिगात गेले की त्याचा भाव पडतो. सूत प्रकारानुसार वेगळे ठेवले तर तोच माल पैसे देतो.

पिशवीचा प्रश्न

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईपासून कल्याण-बदलापूरपर्यंत हाहाकार झाला. त्यानंतर नाले तुंबवणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांकडे सरकारचे लक्ष गेले. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांची कैद, अशी तरतूद झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

यावर आपल्यापैकी अनेकांनी कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोवन पिशव्या आणल्या. मीही आणल्या होत्या. कापडवाल्याने तरी यात फसू नये. ती पिशवी विणलेली नसते. ती पॉलिप्रॉपिलीनचे धागे तापवून चिकटवलेली असते, म्हणजे प्लास्टिकचीच असते. काडी लावून पाहा, ती जळून राख होण्याऐवजी वितळते.

माझ्याकडे फेंटचे आणि डागी मालाचे तुकडे पडून होते. मागच्या शिंप्यांना मंदीच्या दिवसांत काम नसे. त्यांना तुकडे देऊन पिशव्या शिवून घेतल्या. पिशवीची अनामत दहा रुपये, परत आणली तर दहा रुपये परत. बहुतेक गिऱ्हाइके परत आणत नाहीत, तीच घेऊन भाजी आणायला जातात. तेही चांगलेच आहे. शिंप्याला पडत्या दिवसांत मजुरी मिळाली, डागी माल कामाला आला आणि माझा पिशव्यांचा खर्च गेला.

दिवा, मोटार आणि इस्त्री

दुकानात चोकवाल्या जुन्या दहा ट्यूब होत्या. चोक धरून एक ट्यूब सुमारे ५५ वॅट खाते. तेवढ्याच उजेडाची एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये चालते. दहा ट्यूबमागे ३५० वॅट वाचले. रोज १२ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १०९ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला सुमारे १,०९० रुपये वाचले. नव्या ट्यूबचा खर्च काही महिन्यांत निघाला.

शिंपी बंधूंसाठी एक सूचना. शिलाई यंत्राची जुनी क्लच मोटार बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते, पाय लावा अथवा लावू नका. सर्वो मोटार सुई चालते तेव्हाच वीज घेते. मोटार बदलण्याची वेळ आली की हा फरक लक्षात ठेवावा. तोवर धागा भरताना किंवा चहाला उठताना बटण बंद करावे, त्याला पैसे पडत नाहीत. इस्त्रीही एकेका कपड्यासाठी तापवू नये. दिवसाचे कपडे एकत्र करून दोन वेळा तापवावी.

पाणी

वहीचा दुसरा भाग घराचा होता. मी नळाखाली बादली ठेवून वुजू केले. बादलीत सात लिटर पाणी जमले. दुसऱ्या वेळी लोटा घेऊन वुजू केले, सव्वा लिटर लागले. पाच वेळांचा हिशेब केला तर एका माणसामागे ३५ लिटर आणि सव्वासहा लिटर असा फरक आहे. घरात चार माणसे नमाजी असतील तर रोज सुमारे ११५ लिटर पाणी नुसत्या उघड्या नळामुळे जाते. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे जवळजवळ एका माणसाचे दिवसाचे पाणी आपण गटारात सोडतो, तेही इबादतीच्या नावाने.

हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत. मुद म्हणजे आजच्या मापाने साधारण अर्धा ते पाऊण लिटर. वाहत्या नदीकाठी असलो तरी पाणी जादा वापरू नये, अशीही शिकवण आहे. उर्दू शाळेत आम्हाला इसराफ हा शब्द शिकवला तेव्हा आम्ही तो श्रीमंतांच्या शादीपुरता समजलो. तो नळालाही लागू आहे, हे समजायला मला बादली ठेवावी लागली.

मशिदींच्या विश्वस्तांनी तीन गोष्टींचा विचार करावा. एक, जुन्या मशिदींत जिथे हौद आहे तिथे तो बुजवून नळ बसवण्याची घाई करू नये. दोन, जिथे नळ आहेत तिथे कमी धारेची तोटी बसवावी. तीन, वुजूच्या पाण्यात तेल नसते आणि साबणही क्वचित असतो, ते वेगळ्या टाकीत घेऊन झाडांना किंवा संडासाला वापरता येते. आपल्या शहराचे पाणी उल्हास नदीतून मोहिलीला उचलले जाते, शुद्ध होते आणि विजेच्या पंपाने आपल्या टाकीत चढते. ते सांडले की पाण्याबरोबर ती वीजही सांडते. गळका नळ तर आजच दुरुस्त करावा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरच्या पुढे पाणी घालवतो, आणि वायसर बदलायला प्लंबरला दहा मिनिटे पुरतात.

दस्तरखान

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतातील घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. म्हणजे रोज दीडशे ग्रॅम. सहा माणसांच्या घरात वर्षाला ३३० किलो. माझ्या घरच्या वहीत आकडा याहून कमी आला, पण एका रात्रीची दावत धरली तेव्हा तो पुढे गेला.

आपल्या लग्नांत देगा किती चढल्या यावर इज्जत मोजली जाते. बिर्याणी रात्री अकरानंतर कचऱ्याच्या डब्यात जाते आणि सकाळी ज्याने कर्ज काढून दावत दिली तो बाप कॅटरिंगवाल्याचा हिशेब करत बसतो. जुन्या पद्धतीत काही शहाणपण होते. बोहरा बिरादरीत आजही एका थाळाभोवती बसून जेवतात आणि दाणा वाया जाऊ देत नाहीत. आपल्याकडेही एका तबकात चार-पाच जण जेवत असत, मागेल तसे वाढले जाई. आता प्रत्येकाच्या हातात वेगळी प्लेट आली आणि ती एकदाच काठोकाठ भरली जाते.

उपाय अवघड नाहीत. निमंत्रणाला होकार देणाऱ्यांची यादी करावी आणि त्यावर देगा ठरवाव्यात. प्लेटा लहान ठेवाव्यात. देगेत उरलेले, कोणी हात न लावलेले अन्न गरम असतानाच पोहोचवण्याची व्यवस्था आधी करून ठेवावी, रात्री बारा वाजता फोन शोधत बसू नये. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे यूसुफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. सभासद घरांनी रोजच्या स्वयंपाकातल्या दोन ताज्या रोट्या आणि भाजी आणून द्यायची आणि गरजूंनी ती सन्मानाने घेऊन जायची, अशी तिची साधी रचना. त्याला मोठे भांडवल लागले नाही, नोंदवही आणि नियमितपणा लागला. हे दोन्ही गुण व्यापाऱ्याकडे असतातच.

दुरुस्तीचा धंदा आपलाच आहे

आता मुख्य गोष्ट. वस्तू फेकून नवी घेण्याच्या सवयीमुळे सर्वात मोठे नुकसान कोणाचे झाले असेल तर ते आपल्या कारागिरांचे. शर्टाची कॉलर घासली की ती उसवून उलटी लावायची, हे काम पूर्वी प्रत्येक शिंपी करी. शालीला किंवा सुटाला भोक पडले की रफूगराकडे नेत. पितळेच्या भांड्यांना कल्हईवाला दारात येई. कापसाची गादी बसली की पिंजारी ती उसवून कापूस पिंजून पुन्हा भरून देई आणि तीच गादी पुढे वर्षानुवर्षे चाले. फोमची गादी एकदा बसली की तिला पिंजता येत नाही, ती फेकावीच लागते. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई आणि ते कपडे पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जात.

या यादीतले रफूगर, पिंजारी, कल्हईवाले, शिंपी, भंगारवाले यांत आपले किती लोक आहेत, हे सांगायची गरज नाही. नवी वस्तू घेतली की पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. दुरुस्ती केली की तो मोहल्ल्यात राहतो. म्हणून नासाडी कमी करणे हे आपल्यासाठी रोजगाराचे काम आहे. माझ्या दुकानात आता एक पाटी आहे. चेन बदलणे, कॉलर उलटवणे, रफू करणे, उंची कमी-जास्त करणे, असे कामांचे दर तीवर लिहिले आहेत. दर लिहिलेले असल्यामुळे गिऱ्हाइकाला विचारायची लाज वाटत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, कारखाने नद्या काळ्या करतात आणि तुम्ही आम्हाला लोट्याने पाणी घ्यायला सांगता. हा आक्षेप चुकीचा नाही. कारखान्यांवर कायद्याचा बडगा हवाच आणि त्यासाठी अर्ज-निवेदने करावीत. पण माझे गटार कारखान्याने तुंबवले नव्हते.

दुसरा आक्षेप कंजुषीचा. काटकसर आणि कंजुषी यांत फरक आहे, आणि तो कोणाच्या हिश्शातून वाचवले यावर ठरतो. विजेतून, चिंधीतून, जादा देगेतून वाचवले तर ती काटकसर. कारागिराच्या मजुरीतून, नोकराच्या चहातून किंवा गिऱ्हाइकाच्या मापातून वाचवले तर ती चोरी. वही घालणाऱ्याने हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

सुरुवात कशी करावी

एक शंभर पानी वही घ्यावी. पानाचे पाच रकाने करावेत: तारीख, वस्तू, वजन किंवा माप, अंदाजे किंमत, आणि ती कुठे गेली. पहिला महिना काहीही बदलू नये, फक्त लिहावे. दुसऱ्या महिन्यात सर्वात मोठा आकडा ज्या वस्तूचा असेल तेवढी एकच धरावी. सर्व सुधारणा एका दिवसात करणारे आठव्या दिवशी थकतात. घरची वही घरातल्या बाईमाणसांच्या सल्ल्याने चालवावी. माझ्या घरी तांदळाचा आकडा बेगमने एका आठवड्यात निम्म्यावर आणला, कारण रोज किती माणसे जेवायला आहेत हे मी दुपारी चारपर्यंत कळवायला लागलो. दोष तिच्या पातेल्याचा नव्हता, माझ्या न सांगण्याचा होता.

माझी वही अजून चालू आहे. आता दर पावसाळ्यापूर्वी शेजारचे चार दुकानदार मिळून गटाराच्या जाळ्या साफ करून घेतो आणि त्या सफाई कामगाराला चहाला बोलावतो. मागच्या वेळी त्याने जाळीतला गाळ काढून दाखवला. त्यात एक चिंधी निघालीच, पण ती आमच्या दुकानातली नव्हती, हे मी वही काढून त्याला दाखवले. तो हसून म्हणाला, "शेठ, मग शेजाऱ्यालाही एक वही घेऊन द्या."

म्हणून हा लेख.